शेंदरी भोपळ्याचं बी

माझ्या नवऱ्याला रंगाचं वेड होतं असं म्हटलं की लोक म्हणतात, त्यात नवल काय, रंगाऱ्याला असणारच. पण तसं नव्हतं. ज्या माणसाचा जन्म मच्छीमारांच्या होड्या आणि लाँची रंगवण्यात गेला, त्याला घरी आल्यावर ब्रश डोळ्यांसमोर नको असायचा. मी लग्न होऊन आले तेव्हा पडवीच्या भिंतीला जो चुना होता, आमचा मुलगा मुंबईत नोकरीला लागला तरी तोच होता. मी बोलले की म्हणायचे, "लोकांच्या होड्या चकचकीत करतो ना, मग झालं." दिव्याखाली अंधार तो हाच.

आमचं घर भाट्याच्या पुलापलीकडे, खाडीच्या अंगाला. पावसाळ्यात होड्या किनाऱ्यावर ओढल्या की यांचं काम सुरू व्हायचं. ताडपत्रीखाली उकिडवं बसून जुना रंग खरवडायचा, भेगा बुजवायच्या, मग एकावर एक हात द्यायचे. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, की काम ओसरायचं आणि दिवाळीनंतर तर माणूस नुसता घरात. घरात बसलेला पुरुष म्हणजे काय ते बायकांना सांगायला नको. डब्यांची झाकणं उघडून बघतो, आमटीत मीठ कमी आहे म्हणून सांगतो. त्यामुळे भोपळ्याचं खूळ यांच्या डोक्यात शिरलं तेव्हा मला आधी बरंच वाटलं.

बी आलं ते नणंदेच्या मुलाकडून. माझी नणंद यांची थोरली बहीण, बुरोंडीला दिलेली. आईमागे तिनंच यांना वाढवलेलं. तिचा मुलगा मोठ्या बोटींवर असतो, वर्षाचे बरेच महिने कुठल्या कुठल्या बंदरांत. एका सुट्टीत त्यानं मामासाठी बियांचं पाकीट आणलं. पाकिटावर एक भोपळा आणि त्याच्या शेजारी उभा असलेला गोरा माणूस. माणूस भोपळ्यापेक्षा बुटका. मी म्हटलं, "फोटोत काय, मलासुद्धा कुणी हत्तीएवढी करून दाखवील." हे पाकीट घेऊन उठले. भात कापून मोकळ्या झालेल्या खाडीकडच्या वाळवट तुकड्यात खड्डे खणले, शेणखत भरलं आणि ते बी लावलं.

भोपळा झाला आणि मला माझे शब्द गिळावे लागले. वासराएवढा झाला. रस्त्यानं जाणारे रिक्षावाले थांबून बघून जायचे. पण रंग म्हणाल तर ताकात चिमूटभर हळद पडावी तसा. आमच्याकडे लाल भोपळा म्हणतात त्यातलं लाल औषधालाही नाही. एक म्हातारे गृहस्थ तर "कोहळा केवढा झालाय!" असं म्हणून गेले. ते यांच्या जिव्हारी लागलं.

"अंग आहे, पण अंगात रक्त नाय गो," हे मला म्हणाले.

"मग द्या की एक हात. ऑइलपेंटचा डबा आहे न्हाणीघरात."

मी चेष्टेनं म्हटलं होतं. हे मात्र हसले नाहीत. "वरून लावलेला रंग खरवडला की जातो. जन्मभर तेच केलंय मी. लावायचा आणि पुढच्या वर्षी खरवडायचा. हा आतून यायला पाहिजे. एवढाच मोठा, पण शेंदरी."

त्या दिवसापासून या माणसाला दुसरं काही नको होतं. बाकीचे लोक साठी जवळ आली की घर वाढवायचं म्हणतात, काशीला जायचं म्हणतात. यांना एक एवढा मोठा भोपळा हवा होता, जो बघून कुणी कोहळा म्हणणार नाही.

मोठ्या भोपळ्याला गावठी भोपळ्याचा रंग द्यायचा, म्हणजे दोघांचं लग्न लावायचं. हे ऐकून मी कपाळावर हात मारला. पण यांनी शेतीच्या कॉलेजात शिकलेल्या कुणाला तरी गाठून सगळं विचारून घेतलं होतं. मादीफुलाला खाली इवलासा भोपळा चिकटलेला असतो, नरफुलाला नसतो, एवढं मलाही ठाऊक होतं. उद्या उमलणार अशी मादीकळी संध्याकाळी दोऱ्यानं बांधून ठेवायची, म्हणजे माशा आत शिरत नाहीत. पहाटे दव असतानाच दोरा सोडायचा, हव्या त्या वेलाचं नरफूल खुडायचं, पाकळ्या फाडून टाकायच्या आणि आतला पिवळा दांडा मादीफुलात हलक्या हातानं फिरवायचा. मग पुन्हा दोरा बांधायचा. यांची बोटं टर्पेंटाइनने चरचरीत झालेली, त्यांना पाकळी कळायची नाही, दोरा तुटायचा. त्यामुळे ते काम माझ्याकडे आलं. मी फूल फिरवायची आणि हे शेजारी उकिडवे बसून हळूच "शुभमंगल सावधान" म्हणायचे. रोज. मला रोज हसू यायचं आणि मी रोज म्हणायची, "गप्प बसा, हात हलतो माझा."

पहिली दोन वर्षं ही लग्नं जमलीच नाहीत. आमच्या बाजारात मिळतो त्या भोपळ्याच्या पानावर पांढरे ठिपके असतात, त्याचं फूल या परदेशी भोपळ्याला लावलं तर फळ धरायचं नाही, आणि धरलं तर आत नुसती फोलपटं. जातच वेगळी, पत्रिका जुळेना. मग मलाच आठवलं. माझं माहेर देवरूखच्या वरच्या अंगाला, डोंगरातलं. तिथे माझी आई घरामागच्या परड्यात एक भोपळा लावायची, बसका, नारळाहून थोडा मोठा. त्याच्या पानावर ठिपके नसायचे आणि पिकला की साल अशी शेंदरी, की आम्ही मुली त्याला मारुतीचा भोपळा म्हणायचो. आई गेली होती, पण भावजयीनं वेल राखला होता. मी जाऊन एक भोपळा घेऊन आले. एस.टी.त मांडीवर घेऊन बसले होते.

त्यानं लग्न जमलं. "तुमच्या घराण्यात रंग आणायला शेवटी माझं माहेरच लागलं," हे मी कितीदा ऐकवलं असेल! हे मान डोलवायचे. नाहीतर आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं, पण या एका बाबतीत हे माझं ऐकून घ्यायचे.

पण लग्न जमलं म्हणजे मूल मनासारखं निघतं असं थोडंच आहे? पहिल्या पिढीचे भोपळे मध्यम आणि नारिंगीसर झाले. त्यातला बरा निवडून पुन्हा मोठ्याशी जुळवला तर अंगानं वाढला, पण रंग उडाला. पुन्हा माहेरच्याकडे वळवला तर रंग आला आणि अंग गेलं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आणि भोपळा काही कोथिंबीर नव्हे, वर्षाला एकच हंगाम. एक चूक झाली की कळायला शिमगा यायचा आणि सुधारायला पुढची दिवाळी. एका वेलावर एकच फळ ठेवायचं, बाकीची खुडायची. आमच्या घरात कोवळ्या भोपळ्याची भाजी आणि फुलांची भजी इतकी झाली की मुलगा मुंबईहून यायच्या आधी फोन करून विचारायचा, "आई, भोपळ्याशिवाय काही असेल ना?"

हे तसे देवभोळे नव्हते. पण कोवळ्या भोपळ्याला कुणी बोट दाखवलं तर कुजतो, हे आमच्याकडे लहान पोरही मानतं, आणि हेही मानायचे. मळ्यात कुणी बघायला आलं की आधी सांगायचे, "बोट नको, मूठ दाखवा." मोठमोठी माणसं मुठी वळून भोपळ्याकडे हात करायची. उन्हानं साल पांढरी पडू नये म्हणून माझी जुनी जरीकाठाची साडी चार काठ्यांवर ताणून त्याच्यावर सावली केलेली. मी म्हणायची, "मला लग्नानंतर तुम्ही एवढं कधी झाकलं नाहीत."

असं करता करता वर्षं गेली. यांचे केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले, वेल मातीत दाबायला वाकले की उठताना माझा हात लागायचा. आणि मग तो एक वेल आला.

आदल्या वर्षीच्या एका बऱ्या भोपळ्याचं बी बारा-पंधरा खड्ड्यांत लावलं होतं. एका आईची सगळी मुलं, पण एक गोरं, एक काळं. बाकीचे वेल नेहमीसारखे निघाले. दगडी गडग्याकडच्या वेलाचा भोपळा मात्र आधी सगळ्यांसारखा पिवळट होता आणि संक्रांतीच्या सुमाराला देठाकडून रंग भरायला लागला. मी आधी यांना बोलले नाही. दरवर्षी असं थोडं व्हायचं आणि मग थांबायचं. पण हा थांबला नाही. रोज सकाळी बघावं तर रंग आणखी खाली उतरलेला. शेवटी बुडापर्यंत एकसारखा, दाट, शेंदरी झाला. आणि अंग? दोन माणसांच्या कवेत मावेना.

एका सकाळी हे घरात गेले आणि कपाटावरून रंगाच्या कंपनीचं शेडकार्ड घेऊन आले, ज्यावरून होडीवाले रंग पसंत करतात ते. भोपळ्याच्या अंगावर एकेक पट्टी लावून बघत बसले. केशरी लावून बघितली, नारिंगी लावून बघितली, विटकरी लावून बघितली. मी चहा घेऊन गेले तर माझ्याकडे बघून म्हणाले, "यातल्या एकालाही लागत नाय गो. असा रंग कुणी काढलेलाच नाय." आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. पन्नास होड्या एका पावसाळ्यात रंगवणारा माणूस भोपळ्याशेजारी बसून रडत होता. मी चहा खाली ठेवला आणि तिथेच वाळूत बसले.

चार जणांनी सुंभाच्या दोरांची झोळी करून तो भोपळा पडवीत आणला आणि पेंढ्यावर ठेवला. बघायला येणारे यायचे. कुणी कोहळा म्हटलं नाही. एकजण म्हणाला, "विकणार काय?" तर हे म्हणाले, "हा विकायचा नाय. हा बियाचा." खरं काम तर पुढेच होतं. एक भोपळा असा झाला म्हणून काही होत नाही. त्याच्या पोटातलं बी पुन्हा लावायचं, त्यातले शेंदरी निवडायचे, पुन्हा लावायचं, म्हणजे मग रंग त्या जातीत कायमचा मुरतो. आणि बी भरायला वेळ द्यावा लागतो. काढल्या काढल्या फोडला तर बी पोचट निघतं. "शिमग्याला पोरगा येतो, तेव्हा फोडू," हे म्हणाले. "पुढच्या थंडीत सगळा मळा याच बियाचा. सगळा मळा शेंदरी करतो, बघ तू."

आमच्यात अख्खा भोपळा बाईनं फोडायचा नसतो. पहिला घाव पुरुषानं घालायचा, मग बाईनं चिरायचा. हे नेहमी कोयत्यानं एक चीर देऊन भोपळा माझ्याकडे ढकलायचे आणि म्हणायचे, "घे, आता तुझं राज्य." या भोपळ्याला मात्र मी चिरण्यासाठी नाही, नुसती धूळ पुसण्यासाठी हात लावत होते.

शिमगा यायचा होता. एका सकाळी हे मळ्यातून आले आणि "छातीत जळजळतंय, चहा नको," म्हणाले. चहा नको म्हणणारा हा माणूस नव्हे. मी रिक्षा बोलावली. पूल ओलांडेपर्यंत माझा हात घट्ट धरला होता. पुढे हात तसाच माझ्या हातात होता, पण धरलेला नव्हता.

त्यानंतरच्या दिवसांचं मला फार सांगता येणार नाही. मुलगा आला, नणंद बुरोंडीहून आली, आणि घराचा ताबा तिनं घेतला. मी माजघरात भिंतीला पाठ लावून बसलेली. नणंदेला माझ्याएवढंच दुःख होतं, कदाचित जास्त. मी नवरा घालवला होता, तिनं भाऊही घालवला होता आणि हातावर वाढवलेलं पोरही. पण तिचा स्वभाव असा की रडायचं ते कामाच्या आड. पाणी भरायची, माणसांना चहा द्यायची, आणि चुलीपुढे धुराचं निमित्त करून डोळे पुसायची.

दहाव्याला पुरुष भाट्याच्या किनाऱ्यावर गेले. बायका घरी. परत यायला त्यांना फार उशीर झाला. मुलगा सरळ माझ्यापुढे येऊन बसला आणि त्यानं हळू आवाजात सगळं सांगितलं. पिंडाला कावळा शिवत नव्हता. कावळे सुरूच्या झाडांवर बसून बघत होते, पण एकही खाली येईना. भटजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. मग सगळे बोलून बघायला लागले. कुणी म्हणालं, तुझ्या बायकोला अंतर देणार नाही. कुणी म्हणालं, मुलाचं लग्न थाटात करू. कावळा जागचा हलेना. शेवटी माझा मुलगा पुढे झाला आणि म्हणाला, "बाबा, तुमच्या भोपळ्याचं बी मी राखीन. मळा लावीन. रंग जाऊ देणार नाही." आणि तो म्हणतो, वाक्य पुरं व्हायच्या आत कावळा खाली आला.

मी कावळ्याबिवळ्यावर फार विश्वास ठेवणारी बाई नव्हे. त्या दिवशी ठेवला. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला दोन घास गिळता आले. मनात म्हटलं, माणूस गेला, पण त्याला जे हवं होतं ते पडवीत पेंढ्यावर आहे आणि ते राखायला त्याचा मुलगा आहे.

ज्या घरात असं झालेलं असतं, तिथे त्या बाईला काही विचारत नाहीत. आमच्याकडची ही रीत आहे आणि ती मायेतूनच आली आहे. मीठ कुठे आहे, तांदूळ किती घेऊ, काही म्हणून विचारायचं नाही. तिच्या डोक्याला ताप नको. शोधायचं आणि करायचं. मीही कितीतरी घरांत तसंच केलं आहे.

तेराव्याला मोठं जेवण होतं. आचारी आला होता, मागीलदारी चुलाणी पेटली होती. मुलगा सकाळीच केळीची पानं पोचवून पाहुण्यांना आणायला स्टेशनवर गेला होता आणि गाडी रखडली होती. मला माजघरात बायकांनी वेढलेलं. मागून कुऱ्हाडीचे घाव ऐकू आले, एक, मग थोड्या वेळानं दुसरा. मला वाटलं, लाकडं फोडतायत.

पंगत बसायच्या आधी यांचं पान वाढून मला नमस्काराला बाहेर नेलं. पानात वरण, भात, वडे, खीर, कारल्याची भाजी होती. तेराव्याच्या पानाला लाल भोपळ्याची भाजी लागतेच, तीही होती. तो रंग मी ओळखला. 

नणंदेनं माझा खांदा धरला. ती रडत होती, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच उघड रडत होती. "त्याच्या हातचा घरात असताना बाजारातला कशाला आणायचा, वयनी? त्यानं वाढवलान, त्याच्याच पानात पडू दे म्हटलं. पहिला घाव आचाऱ्याकडून घालून घेतला हो, बाईचा हात नाय लावला." तिनं सगळं रीतीप्रमाणे केलं होतं.  मी पडवीकडे बघितलं. पेंढ्यात नुसता खळगा होता.

पंगती उठल्या. लोक हात धुताना म्हणत होते, "काय रंग होता हो भोपळ्याला! साखरेसारखा गोड." एवढी वर्षं हे जे ऐकण्यासाठी जगले, ते सगळं त्यांच्या तेराव्याला बोललं गेलं.

मुलगा आला तोपर्यंत फार उशीर झाला होता. त्यानं पडवी बघितली, मग मागीलदारी जाऊन आत्याला एवढंच विचारलं, "आते, बी कुठे?" नणंदेनं पदरानं हात पुसले आणि जरा अभिमानानंच परात पुढे केली. "एक बी फुकट जाऊ दिलं नाय मी. निखाऱ्यावर मिठात भाजलं. बदामासारखं झालंय, बघ." परात जवळजवळ रिकामी होती. लहान मुलांचे खिसे भरले होते, अंगणभर सोललेली टरफलं पडली होती.

मुलानं परात हलकेच बाजूला सारली. तो सालींच्या ढिगापाशी जाऊन बसला आणि दुपारभर त्यात कोपरापर्यंत हात घालून चाचपडत राहिला. कुऱ्हाडीखाली चेचलेल्या दोन-तीन बिया त्याला मिळाल्या. त्या आम्ही नंतर कुंडीत लावल्या. उगवल्या नाहीत.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? नणंद जायला निघाली आणि माझ्या गळ्यात पडली तेव्हा माझे हात वर आले नाहीत. पुढे पावसाळाभर मी तिच्याशी मनातल्या मनात भांडले. भांडी घासताना भांडले, धुणं वाळत घालताना भांडले. तुमचा मुलगा बी घेऊन आला आणि तुम्ही ते संपवलंत, असंसुद्धा बोलून घेतलं. एकदा उंबऱ्यावर बसून मोठ्यानंच बोलले तर शेजारीण विचारायला आली, कोण आलंय म्हणून.

थंडीत मुलगा रजा घेऊन आला आणि आम्ही मळा लावला. शेंदरी ज्या आईच्या पोटचा, तिचं जुनं बी डब्यात थोडं उरलं होतं. म्हटलं, एकदा निघाला तसा पुन्हा निघेल. संध्याकाळी मी कळ्या बांधल्या, पहाटे दोरे सोडले. फूल फिरवताना शेजारी कुणी काही म्हणत नव्हतं, तरी माझा हात हलत होता. भोपळे मोठे झाले. मी रोज देठाकडे बघायची. संक्रांत गेली, शिमगा गेला. सगळे पिवळे. जुन्या डब्यातलं बी संपलं. माहेरी चौकशी केली तर भावजय म्हणाली, आता परड्यात कुणी काही लावत नाही, माकडं ठेवत नाहीत.

म्हणजे सगळं संपलं. मुलगा फोनवर म्हणाला, "आई, मी कावळ्याला शब्द दिला होता." मी म्हटलं, "तू दिलास रे बाबा, पण बी तुझ्या हातात नव्हतं." त्याला हे पटलं की नाही मला माहीत नाही. त्यानंतर तो भोपळा खात नाही. मीही खात नाही.

यंदा भात कापून झालं आणि एका दुपारी नणंदेचा फोन आला. आवाज खूपच म्हातारा झालाय तिचा. आधी गुडघ्यांचं झालं, मग मुलाच्या बोटीचं झालं, मग म्हणाली, "वयनी, दारापुढे खड्डा करून घेतलाय, शेणखत भरलंय. त्याच्या त्या शेंदरी भोपळ्याचं बी पाठवशील काय? चार बिया पुरतील. माझ्या दारात त्याचा वेल असू दे. येता-जाता बघेन. भावाचं दुसरं काय उरलंय माझ्याकडे?"

पावसाळाभर मी ज्यासाठी भांडले होते ते सगळं माझ्या जिभेवर येऊन उभं राहिलं. वन्सं, ते बी तुम्ही भाजलंत. एवढंच बोलायचं होतं. डबेच्या डबे बी घरात असेल अशीच तिची समजूत होती. त्या एका भोपळ्याचं बी त्या एकाच्याच पोटात होतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसांत कुणी मला विचारलं नव्हतं आणि नंतर मी कुणाला सांगितलं नव्हतं. पलीकडे ती थांबली होती. तिचा श्वास ऐकू येत होता. हिनं या माणसाला कडेवर घेऊन वाढवलं होतं, त्याच्या पानात त्याचाच भोपळा वाढताना ती ढसाढसा रडली होती. हे ऐकल्यावर तिला पुन्हा झोप लागली नसती.

"उंदरांनी खाल्लं, वन्सं," मी म्हटलं.

"सगळं?"

"सगळं."

 ती उंदरांना शिव्या द्यायला लागली, आमच्या घराला मांजर नाही म्हणून बोलली, डब्याला झाकण घट्ट नसेल म्हणून बोलली. शेवटी तिला हुंदका आवरेना.

"त्यानं एवढी वर्षं जिवापाड जपलान गो," ती म्हणाली, "आणि तुला एक बी जपवलं नाय?"

"नाही जपवलं, वन्सं," मी म्हटलं.